एक्के हरतात तेव्हा

वाचकांची पत्रं, जाणकारांची उत्तरं

पोकरवरच्या पत्रांचा गठ्ठा उघडला, तर अर्ध्याअधिक पत्रांत 'नशीब' हा शब्द आणि उरलेल्यांत 'साडेसाती'. त्यातली आठ पत्रं इथे थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांची गावापलीकडे ओळख दिलेली नाही. सगळे प्रश्न टेक्सस होल्डेमचे आहेत: हातात दोन पानं, टेबलावर पाच (पहिली तीन म्हणजे फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर).

महिन्याभरात तीनदा हातात दोन एक्के आले आणि तिन्ही वेळा हरलो. एकदा राजांच्या जोडीसमोर, एकदा सत्त्यांच्या, आणि तिसऱ्यांदा तर पंजी-दुर्रीसमोर. पानं वाटणारा मित्र जुना आहे, पण आता मनात पाल चुकचुकते. (नाशिक)

पाल चुकचुकली की आधी कागद-पेन्सिल घ्यावी. दोन एक्के सरासरी २२१ हातांत एकदा येतात. घरच्या टेबलावर तासाला पंचवीसेक हात होतात, म्हणजे साधारण नऊ तासांच्या खेळात एकदा. इतकी वाट पाहून आलेली जोडी हरली की ती वर्षभर आठवते. जिंकली तर बहुतेकदा सगळे पानं टाकून देतात, ब्लाइंडचे (पानं बघण्याआधी दोघांना सक्तीने घालावे लागतात ते) चार पैसे मिळतात आणि दुसऱ्या दिवशी तो हात आठवतही नाही.

सगळे पैसे फ्लॉपच्या आधीच मध्ये गेले असतील तर एक्के राजांसमोर शंभरात ८२ वेळा जिंकतात, सत्त्यांसमोर ८० वेळा, पंजी-दुर्रीसमोर साधारण ८४ वेळा. तिन्ही हात ओळीने हरण्याची शक्यता पावणेदोनशेत एक. दुर्मीळ आहे, अशक्य नाही. टेबलावर आठ जण वर्षभर खेळत असतील तर त्यातल्या कुणाच्या तरी वाट्याला असा एखादा महिना येऊ शकतो, हे धरूनच बसायचं. २०१४ साली लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये, दहा लाख डॉलर प्रवेश फीच्या स्पर्धेत, कॉनर ड्रिनन आणि कॅरी कॅट्झ या दोघांच्याही हातात एक्क्यांची जोडी होती. असा हात शंभरात पंचाण्णवहून अधिक वेळा बरोबरीत सुटतो. त्या दिवशी टेबलावर बदामची चार पानं पडली, बदामचा एक्का कॅट्झकडे होता म्हणून त्याची फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) झाली, आणि ड्रिनन बाहेर गेला. त्याच्या बाजूने पाहिलं तर हे शंभरात जेमतेम दोनदा व्हायचं.

पण तुमच्या पत्रात आम्हाला खटकलं ते वेगळंच. पंजी-दुर्रीवाला त्या हातात होताच कसा? एक्के घेऊन नुसता कॉल करून (रक्कम न वाढवता आधीच्याएवढीच घालून) बसलात आणि मागून चौघे स्वस्तात आत आले, असं झालं असेल तर दोष पानांचा नाही. समोर कुठलीही दोन पानं घेतलेला एकच गडी असेल तर एक्के ८५ टक्के जिंकतात. दोघे असतील तर ७३, तिघे ६४, चौघे ५६, आणि पाच जण असतील तर ४९. पाच जणांना आत घेऊन एक्के हरले, तर ते नाणेफेक हरण्याइतकंच आहे. ब्लाइंड २५-५० चे असतील तर २०० पर्यंत वाढवा, आणि तुमच्याआधी जितके जण नुसते कॉल करून बसलेत त्या प्रत्येकामागे आणखी ५०. टेबल 'बघू तर' म्हणणाऱ्यांचं असेल तर थेट ४००. एक-दोघेच मागे उरले पाहिजेत.

राहिला मित्र. आपल्याकडे पानं हातातल्या हातात पिसतात, त्यात मागच्या डावातले गठ्ठे तसेच एकत्र राहतात. यात लबाडी नसते, आळस असतो. पानं टेबलावर उपडी पसरून दोन्ही हातांनी कालवा, गोळा करून तीन-चार वेळा रिफल करा (गठ्ठ्याचे दोन भाग एकमेकांत गुंफा), आणि कट दुसऱ्याच कुणाला तरी करू द्या. कटाखाली प्लास्टिकचं एक कोरं पान ठेवा, म्हणजे तळाचं पान कुणाला दिसत नाही. दोन वेगळ्या रंगांचे कॅट ठेवले तर एक वाटला जाताना दुसरा पिसून होतो, वेळही वाचतो. एवढं केल्यावर संशयाला जागा उरत नाही, आणि मैत्रीही शाबूत राहते.

हरलेला हात दुर्दैवाने हरला की माझ्या चुकीने, हे ओळखायचं कसं? मित्र म्हणतात 'बॅड बीट', पण ते सगळ्यांनाच तसं म्हणतात. (डोंबिवली)

एकच क्षण बघायचा: शेवटचा पैसा मध्ये गेला तो. त्यानंतर कुठली पानं उलटली याचा तुमच्या खेळाशी संबंध नाही. त्या क्षणी तुमचा वाटा किती होता, एवढंच वहीत लिहायचं.

नेहमी दिसणारा हात घेऊ. तुमच्याकडे बदाम आणि किलवरचा राजा. फ्लॉपवर इस्पिकचा गुलाम, इस्पिकची सत्ती, चौकटची दुर्री. दोघांचे दहा-दहा हजार मध्ये गेले. समोरच्याने उलटवली इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची नव्वी. टर्नला काही नाही, रिव्हरला इस्पिकची चौकी. टेबलावर एकच ओरडा: 'काय बॅड बीट!'

आता मोजा. त्याला फ्लशसाठी नऊ इस्पिक चालतात आणि तीन एक्केही चालतात, कारण एक्क्याची जोडी राजांच्या वर. न दिसलेली पानं ४५, यायची दोन. दोन पानांच्या ९९० जोड्या होतात आणि त्यातल्या ४५८ त्याला जिंकवतात. शंभरात सव्वासेहेचाळीस. म्हणजे वीस हजारांच्या पॉटमध्ये तुमचा वाटा १०,७०० होता आणि त्याचा ९,३००. तुम्ही जेमतेम पुढे होतात. तुमची आघाडी होती ७०० रुपयांची, दहा हजारांची नाही.

टर्न कोरा गेल्यावर पैसे घातले असते तर चित्र पालटलं असतं. तेव्हा ४४ पानांत त्याची बारा, म्हणजे २७ टक्के. आणि समोर सत्त्यांची जोडी असती, फ्लॉपवर सत्ती नसती, तर त्याला दोनच पानं उरली असती. दोन संधींत ९ टक्क्यांहून जरा कमी, रिव्हरला एकटी संधी असेल तर साडेचार. तिथे हरलात तर खुशाल बॅड बीट म्हणा, आम्ही टाळ्या वाजवू.

वहीत चार रकाने करा: पॉट किती, पैसे गेले तेव्हा समोरच्याची पानं, तुमचा टक्का, आणि टक्क्याप्रमाणे तुमचा वाटा. टक्के घरी जाऊन फोनवरच्या कुठल्याही फुकट गणकावर काढा, टेबलावर नको. तीस-चाळीस हात झाले की 'वाट्याला यायला हवे होते' आणि 'हातात आले' यांची वेगवेगळी बेरीज करा. दुसरी बेरीज लहान असेल तर दुर्दैव किती रुपयांचं होतं हे कळेल. पहिलीच बेरीज तुम्ही घातलेल्या पैशांपेक्षा कमी निघाली, तर तुम्ही मागे असतानाच पैसे घालत आहात. बहुतेक वह्यांत हेच निघतं, आणि मग बऱ्याच जणांची वही हरवते.

दर शुक्रवारी एका ओळखीच्या ठिकाणी २५-५० चा खेळ खेळतो, रात्री चार तास. वर्षाचा हिशोब ३२,००० रुपये तोटा. मी टेबलावरच्या इतरांपेक्षा बरा खेळतो असं सगळे म्हणतात. मालक प्रत्येक पॉटमधून ५ टक्के घेतो. नशीब कधी फिरेल? (पुणे)

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटून दुसरं लिहिलंत.

चार तासांत १०० हात. सरासरी पॉट हजाराचा धरला तर मालकाची नाल (हे ५ टक्के) रात्रीला ५,०००. आठ जणांत वाटली तर माणशी ६२५. पन्नास शुक्रवारांचे ३१,२५०. तुमचा तोटा ३२,०००. नशीब तुमच्याशी अगदी सरळ वागलंय, तुम्ही इतरांच्या बरोबरीने खेळलात आणि तोटा सगळा नालेत गेला. हाच हिशोब ब्लाइंडमध्ये केला तर नाल शंभर हातांमागे साडेबारा मोठ्या ब्लाइंड होते. चांगला खेळाडू शंभर हातांमागे पाच-दहा ब्लाइंड कमावतो. म्हणजे चांगल्या खेळाडूलाही या टेबलावर पाण्यावर राहणं कठीण. नालेला वरची मर्यादा घाला, किंवा पॉटऐवजी ताशी ठरावीक रक्कम द्या, किंवा तिथे जाऊ नका. आणखी एक गोष्ट: १८८७ चा महाराष्ट्राचा जुगारबंदी कायदा जागामालकाच्या अशाच कमाईकडे बोट दाखवतो. पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर न्यायालयांचं एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एक सूर लावला, गुजरातने २०१७ मध्ये दुसरा. धाड पडली तर हा वाद पोलीस ठाण्यात सुटत नाही.

नाल नसती तरी एका वर्षावरून काही ठरवता आलं नसतं. वर्षाचे ५,००० हात म्हणजे फार नाहीत. नो लिमिटमध्ये (लावायच्या रकमेला मर्यादा नसलेल्या खेळात) शंभर हातांमागची चढउतार ८० ते १०० ब्लाइंडची असते. ९० धरू. शंभरामागे पाच ब्लाइंड खरोखर कमावणारा माणूसही अशा ५,००० हातांनंतर साधारण तीन वर्षांतून एकदा तोट्यात निघतो. आणि तेवढंच वाईट खेळणारा माणूस तीन वर्षांतून एकदा नफ्यात निघून मिशीला पीळ देतो. तुम्हाला 'बरा खेळतोस' म्हणणाऱ्यांत असा कुणी आहे का, ते बघा.

मोठा हात हरलो की पुढच्या अर्ध्या तासात उरलेले पैसे मीच उधळतो. कळतं पण वळत नाही. त्या वेळी नेमकं काय करायचं? (कोल्हापूर)

याला सगळीकडे 'टिल्ट' म्हणतात. शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला: यंत्राला फार धक्के दिले की ते अडकून बसतं आणि चेंडू वाया जातो. माणूस अडकत नाही, उलट सुसाट सुटतो. म्हणून अडवण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. त्या क्षणी सुचेल यावर विसंबू नये.

हरल्याबरोबर समोर उरलेल्या चिप्स मोजा आणि वीस-वीसच्या चळती लावा. हाताला काम मिळतं आणि किती उरलेत हे डोळ्यांना दिसतं. बहुतेकदा वाटलं होतं त्याहून जास्त असतात. मग वाटणाऱ्याला सांगा, 'एक फेरी मला पानं नकोत,' आणि उठा. २५-५० च्या खेळात एक फेरी चुकल्याचा खर्च फार तर ७५ रुपये. पाणी प्या, तोंड धुवा, बाल्कनीत जा. मात्र त्या बाल्कनीत तुमचाच हात पुन्हा रंगवून सांगणारा कुणी उभा असेल तर दुसरीकडे जा.

परत बसल्यावर पहिली फेरी कडक सोवळ्यात खेळायची: दश्शी किंवा त्यावरची जोडी, एक्का-राजा, एक्का-राणी. बाकी सगळं खाली. अशी पानं एकवीस हातांत एकदा येतात, म्हणजे आठ हातांच्या फेरीत तुम्ही बहुधा एकही हात खेळणार नाही. या सोवळ्याचा हेतूच तो आहे.

डोकं फिरलंय की नाही हे स्वतःला विचारून कळत नाही, ते मोजावं लागतं. आठ हातांच्या फेरीत एरवी तुम्ही दोन हात खेळत असाल आणि आता चार-पाच खेळत असाल, तर झालं. समोरच्याची चाल संपण्याआधी तुमचा हात चिप्सकडे गेला, तर झालं. टेबलावर सात जण असताना नजर एकाच माणसावर खिळली असेल, तर ती खुन्नस आहे. आणि रात्री एक वाजता तुमच्याच तोंडून 'चला, पन्नास-शंभर करू' निघालं, तर सरळ चपला शोधा. ब्लाइंड दुप्पट झाले की तुमचे उरलेले पैसे खेळाच्या दृष्टीने निम्मे होतात. 'पन्नास-शंभर करू' हे वाक्य आपल्याकडच्या घरगुती टेबलांवर जितकं महाग पडतं तितकं दुसरं कुठलंच नाही.

रात्रीची मर्यादा दोन बाय-इन (टेबलावर बसताना घेतो ती रक्कम). तेवढीच रोकड पाकिटात, कार्ड घरी. खरा घोळ फोनचा आहे, कारण यूपीआयवरून तिसरा बाय-इन दहा सेकंदांत जातो. बँकेच्या ॲपमध्ये रोजची मर्यादा दुपारीच खाली आणून ठेवा आणि यजमानाला सगळ्यांसमोर सांगून ठेवा की मला उधार द्यायचं नाही. लोकांदेखत सांगितलेलं मोडायला माणूस जरा लाजतो. वेळही ठरवा. 'वसूल झालं की उठेन' याला वेळ म्हणत नाहीत. गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर प्रवेशाच्या पैशांत खाणं आणि दारू धरलेली असते. तिथे पहिला ग्लास घेतल्यावर वरचे सगळे नियम कागदावरच राहतात.

एक सवय मात्र आजपासून सोडा. जिंकलेल्या माणसाला 'त्या पानांवर कॉल करतात का?' असं ऐकवू नका. तो एकतर शिकेल किंवा उठून जाईल, आणि दोन्हींत नुकसान तुमचं. 'छान हात' म्हणा आणि वहीत लिहा.

उलट्या टिल्टबद्दल कुणी लिहीत नाही. काही जण हरल्यावर उधळत नाहीत, भेदरतात. राण्यांची जोडी घेऊन नुसता कॉल, रिव्हरला पुढे असूनही चेक (काही न लावता चाल पुढे देणं). पैसे झिरपत जातात आणि वाटतं आपण सांभाळून खेळतोय. त्यावर उपाय धीराचा नाही, लहान टेबलाचा. ज्या रकमेला हात कापत नाही तिथे महिनाभर खेळा.

गोव्यात आणि इतरत्र मिळून वीस टूर्नामेंट झाल्या, एकदाही बक्षिसात नाही. किती पैसे बाजूला ठेवून या खेळात उतरावं? (ठाणे)

टूर्नामेंटमध्ये साधारण १२ ते १५ टक्के खेळाडूंना बक्षीस मिळतं. तुम्ही सरासरीहून थोडे बरे आहात आणि शंभरात पंधरा वेळा बक्षिसात येता, असं धरू. मग ओळीने दहा स्पर्धा कोऱ्या जाण्याची शक्यता २० टक्के आणि वीस कोऱ्या जाण्याची ४ टक्के. पंचविसात एक. शिवाय तळाचं बक्षीस प्रवेश फीच्या दीड-दोन पटच असतं, खरे पैसे पहिल्या तिघांत. म्हणून वीस स्पर्धांवरून स्वतःला नालायक ठरवू नका, आणि वाण्याचे पैसे कार्डावर टाकून एकविसाव्या स्पर्धेलाही जाऊ नका.

निधी किमान १०० प्रवेश फींचा. दहा हजारांच्या स्पर्धा खेळायच्या तर दहा लाख, आणि त्यात पणजीची बस, हॉटेल, जेवण वेगळं. दहा लाख बाजूला नसतील तर हजाराची स्पर्धा खेळा. यात कमीपणा नाही. मागच्या वीस स्पर्धांत बाहेर पडताना तुमच्याकडे किती ब्लाइंड उरल्या होत्या, ते आठवून लिहा. बहुतेक वेळा तीन-चार असतील तर तुम्ही फार वेळ थांबत आहात. बारा ब्लाइंडच्या खाली आलं की बरं पान दिसताच सगळे पैसे घालायचे किंवा पानं टाकायची. मधलं काही उरत नाही, आणि तीन ब्लाइंडच्या धक्क्याला कुणी पान टाकत नाही.

रोख खेळाचा हिशोब वेगळा. शंभर हातांमागे पाच ब्लाइंड कमावणाऱ्याकडे १०० ब्लाइंडचे दहाच बाय-इन असतील तर तो पूर्ण बुडण्याची शक्यता २९ टक्के. वीस असतील तर साडेआठ, तीस असतील तर अडीच, चाळीस असतील तर एक टक्क्याच्याही खाली. लक्षात घ्या, हा *जिंकणाऱ्या* खेळाडूचा हिशोब आहे. हरणाऱ्याला चाळीस असोत की चारशे, त्याला फक्त वेळ जास्त लागतो.

चढउतार सौम्य करायची एक सोय घरच्या टेबलावरही करता येते. सगळे पैसे आत गेल्यावर उरलेली पानं दोनदा काढायची, प्रत्येक वेळेला अर्धा पॉट. डोंबिवलीच्या उत्तरातल्या राजांच्या हातात एकदाच पानं काढली तर पूर्ण पॉट जाण्याची शक्यता सव्वासेहेचाळीस टक्के. दोनदा काढली तर दोन्ही अर्धे जाणं साधारण पाच वेळांत एकदाच. सरासरी बदलत नाही, धक्का कमी होतो. दोघांची संमती हवी, आणि ती पुढचं पान उलटण्याआधी.

गोव्यात एका रात्री ६०,००० जिंकलो, पण वर्षभरात ८०,००० हरलो. करात तोटा वजा होईल ना? (सांगली)

नाही. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर. त्यातून हरलेली रक्कम वजा होत नाही, प्रवासखर्चही नाही, आणि तोटा पुढच्या वर्षात ओढताही येत नाही. ६०,००० वर १८,७२०. वहीत तोटा लिहिताना हे १८,७२० सुद्धा लिहा, ही ओळ बहुतेक वह्यांत नसते.

इथे ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे. पाच महिन्यांत सहा जणांच्या टेबलांवर ६०,००० हात झाले. सॉफ्टवेअरमधली 'ऑल-इन ईव्ही' रेघ (सगळे पैसे आत गेले तेव्हाच्या टक्क्याप्रमाणे मिळायला हवी होती ती कमाई) माझ्या कमाईला चिकटूनच आहे, म्हणजे नशीब ठीक. तरीही मी नऊ बाय-इन खाली. मग मी वाईट खेळतो असंच ना? (एडिसन, न्यू जर्सी)

तसंच असेल असं नाही. त्या रेघेला जे दिसतं तेवढंच ती दुरुस्त करते: पैसे आत गेल्यावर पडलेली पानं. *कुणाच्या* समोर पैसे गेले, हे तिला दिसत नाही. राजांची जोडी घेऊन एक्क्यांवर आदळलात आणि हरलात, तर रेघ म्हणते, 'तुझे १८ टक्के होते, ठीक झालं.' पण चांगल्या खेळाडूलाही तिथून सुटका नव्हती. सहा जणांच्या टेबलावर तुमच्याकडे राजे असताना पाचांपैकी कुणाकडे तरी एक्के असण्याची शक्यता शंभरात अडीच. ६०,००० हातांत राजे सुमारे २७० वेळा येतात, म्हणजे सहा-सात वेळा एक्क्यांशी गाठ पडणार, आणि तितक्याच वेळा एक्के तुमच्याकडे असून समोर राजे असणार. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आकडे गाळून काढा. पहिला अकरा आणि दुसरा तीन निघाला तर तुमचे बरेच बाय-इन तिथेच सापडतील. सेटसमोर (हातातल्या जोडीला टेबलावरचं तिसरं पान) लहान सेट, फ्लशसमोर लहान फ्लश, यांचंही तेच.

आकडे समसमान निघाले, तर मोठे पॉट सोडा आणि लहान पॉट बघा: मोठ्या ब्लाइंडवरून किती वेळा कॉल करता, फ्लॉपवर चेक करून किती वेळा पान टाकता. नऊ बाय-इन बहुतेकदा मोठ्या अपघातात जात नाहीत, दर शंभर हातांमागे दीड ब्लाइंडने गळतात. साठ हजार हातांत तेवढ्याने काम होतं.

मिस्टर आधी गोव्याला जायचे, मग फोनवर खेळू लागले. तीन ॲपवरून कर्ज, दोन मित्रांकडून उसने, माझ्या बांगड्या गहाण. विचारलं की म्हणतात, 'पानं फिरली की सगळं परत येईल.' यांना नीट खेळायला कसं शिकवावं? (कणकवली)

ताई, वरची सगळी उत्तरं यांच्यासाठी नाहीत. हरलेलं परत मिळवायला पुन्हा जाणं, लपवणं, उसनं घेणं, दुसऱ्याच्या वस्तूवर पैसे उचलणं, ही खेळ न येण्याची लक्षणं नव्हेत. जुगाराचं व्यसन हा मान्य झालेला आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निकषांत नऊ लक्षणं दिली आहेत, वर्षभरात त्यातली चार दिसली तर निदान होतं. चांगला शिक्षक मिळाला तर असा माणूस जास्त आत्मविश्वासाने हरतो.

टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, विनाशुल्क, मराठीत बोलता येतं, आणि घरच्या माणसालाही बोलता येतं. ते तयार नसतील तरी तुम्ही करा. जवळच्या शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागाचा पत्ता तिथे मिळेल. 'सगळं संपवतो' अशी भाषा कधी निघाली असेल, तर पैशांचं सगळं बाजूला ठेवून हा फोन आजच.

पैशांचं असं. पगाराच्या खात्याचा पासवर्ड, कार्डं आणि यूपीआयचं सिम त्यांच्या संमतीने तुमच्याकडे किंवा सासऱ्यांकडे घ्या, रोजचा खर्च रोख द्या. उरलेले दागिने तुमच्या एकटीच्या नावाच्या लॉकरमध्ये. कर्ज एकरकमी फेडून त्यांना मोकळं करू नका. मोकळा झालेला माणूस आठवड्यात परत टेबलावर दिसतो. आधी सगळ्या देण्यांची यादी त्यांच्याच हातची लिहून घ्या, मग हप्ते बांधा. पहिली यादी जवळजवळ कधीच पूर्ण नसते, महिन्याने पुन्हा विचारा.

ज्या कर्जावर तुमची सही नाही, सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून नाव नाही, ते तुमच्यावर येत नाही. वसुलीवाले धमकावत असतील, फोटो पाठवत असतील, तर १९३० वर तक्रार करा. मित्रांचं उसनं जुगारासाठीच दिलेलं असेल तर एक जुनी गोष्ट वकिलाला जरूर विचारा. पैजेचा करार १८७२ च्या करार कायद्याने मुळातच निरर्थक आहे, आणि जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ च्या कायद्याने पैजेला जोडून केलेले करारही तसेच धरले आहेत. बँकेच्या आणि ॲपच्या साध्या कर्जाला हे लागू नाही.

आणि फोनवरचा खेळ. पैसे लावून ऑनलाइन खेळवणं, मग ते कौशल्याचं असो की नशिबाचं, संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने देशभर बंद केलं आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणून तक्रार करायला घाबरू नका. जे ॲप अजून पैसे घेतं ते बेकायदा आहे. तिथे 'अडकलेली' रक्कम सोडवायला आणखी भरा असं सांगतात, ते भरू नका. फोनमधून ॲप काढायच्या आधी भरण्याच्या सगळ्या नोंदींचे स्क्रीनशॉट तुमच्या फोनवर घ्या, आणि गहाण बांगड्यांची पावती कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. व्याजाची तारीख तिच्यावर असते.